कमल रोमनचे नाजूक पाय

२ फेब्रुवारी २००४
जिते गावात एका साखरपुड्याला गेलो. पत्रिका रोह्याच्या वाजिदने छापलेली. अक्षरही त्याचंच, कॉम्प्युटरवर स्वतः घडवलेलं. नाव ठेवलंय 'आमना'. आईचं. इंग्रजी अक्षर, हातापायांना निमुळती टोकं. ह्या टोकांना सेरिफ म्हणतात, हे पंगतीत तिघांना समजावून सांगितलं. तिघांनीही विचारलं, वाजिदचा रेट काय?
येताना पत्रिका खिशात घातली. अभ्यासासाठी.

५ फेब्रुवारी
अभ्यास झाला. अक्षर सामान्य. पोटऱ्या भरलेल्या, कंबर जाड. पेणमध्ये इतकी वर्षं स्क्रीन प्रिंटिंग करतोय, याहून नाजूक अक्षर डाव्या हाताने काढीन. नाव ठरलं : कमल रोमन. माझ्या नावातलं, कमळाकरमधलं, कमळ. ही म्हणाली, लोकांना बाईचं नाव वाटेल. वाटू दे. वाजिदने तर आख्खी आई ठेवलीय.

११ फेब्रुवारी
इंदुबाईंच्या गणपती कारखान्यात. बाई स्वतः डोळ्यांची आखणी करत होत्या. भुवईची रेघ केसाएवढी. तिथेच साक्षात्कार! अक्षराची बारीक रेघ अशीच हवी. वाजिदला हे सुचणं शक्य नाही. रोह्याच्या बाजूला कारखाने रसायनांचे.
दुसरी बातमी. बाईंच्या मूर्ती यंदा अमेरिकेला चालल्यात. दोनशे खोकी. खोक्यांवर इंग्रजीत सूचना छापायच्या. काम मलाच, असं मी धरून चाललोय. बाई म्हणाल्या, वाजिदपण विचारून गेलाय.

२० फेब्रुवारी, दुपार
ए आणि बी झाले. स्क्रीनवर आठपट मोठे करून पाहिले. डोळ्यांत पाणी आलं. ही मागून म्हणाली, एवढं फुगवून बघितलं तर मुंगीपण हत्तीण दिसेल. हिला कलेतलं कळत नाही. चहा मात्र बरा करते.

३ मार्च
रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत गेलो होतो. एका कंपनीच्या गेटवर 'आमना', धोक्याच्या पाटीवरही 'आमना'. शिफ्टची बस रिकामी झाली, एकही माणूस पाटीसमोर थांबला नाही. म्हणजे अक्षरात दम नाही. कंडक्टरला तसं म्हटलं. तो म्हणाला, थांबायचं कशाला, चालता चालता वाचून होतंय की.
अडाणी.

१५ मार्च
कमल रोमन पूर्ण. प्रिंट काढली. जाड रेघा आल्या, बारीक आल्या नाहीत. कारण : व्होल्टेज.

१६ मार्च
व्होल्टेज ठीक होतं. कारण : कागद.
संकल्प : उद्यापासून वाजिदचा हेवा बंद. तो त्या योग्यतेचा नाही.

२१ मार्च
इंदुबाईंनी नमुन्याला वीस खोकी दिली. 'सांभाळून उचला', 'ही बाजू वर', सगळं कमल रोमनमध्ये छापलं. खाकी पुठ्ठ्यावर बारीक रेघा थोड्या बुजल्या. रसिकाला कळतील.

२३ मार्च
हमाल गुणाजी रसिक नाही. निम्मी खोकी उलटी चढवली. वर म्हणतो, इंग्रजी येत नसलं तरी वाजिदशेठचा छाप लांबून वळखतो, ह्यावर तर नुसत्या काड्या दिसल्या, मला वाटलं आतला पेंढा भायेर आलाय.
एका मूर्तीचा मोदक गेला, एकीचा सुळा. एक सुळा तर मुळातच तुटका असतो, असं मी बाईंना म्हणालो. म्हणायला नको होतं.
बाई म्हणाल्या, कमळाकर, भुवई आरतीच्या ताटामागून बघतात रे, खोका बघतात ट्रकच्या खालून. मी तुला भुवया काढाया बोलावलं नव्हतं. उरलेली एकशे ऐंशी वाजिदला द्यायची की काय, म्हणे दोन दिवसांत ठरवते. मी पंधरा दिवस मागितले. बाईंनी मोडलेला सुळा हातात दिला. त्याचा अर्थ होकार असा मी घेतोय.

२ एप्रिल
रोह्यात डोळ्यांचे नवे डॉक्टर आलेत. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता हवा होता. फुकट देतो म्हटलं. कमल रोमन, थेट रोह्यात, वाजिदच्या नाकावर टिच्चून! अडचण एकच. एवढा मोठा कागद छापणारं मशीन वाजिदकडेच. हरकत नाही. त्यालाही बघू दे.
बघितलं. म्हणाला, कमळाकरभाई, नाजूक आहे हो, मेहनत दिसते. जळला. छपाईचे पैसेही घेतले नाहीत. फारच जळला.

६ एप्रिल
अखेर सापडलं! दोष अक्षरात नाहीच. दोष माझ्या डोळ्यांत. अधू डोळ्यांनी रेघेची जाडी ठरवली, ती चुकली. चष्मा लागला की डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन इंदुबाईंकडे. आजारी माणसाचं काम कोण काढून घेतं? ही म्हणाली, तपासून तर घ्या. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या मताची झाली.

७ एप्रिल, रोहा
डॉक्टरांच्या खुर्चीत. समोर माझाच तक्ता. पहिली ओळ वाचली. दुसरी अंदाजाने. तिसरीत, अक्षरं मीच काढलेली असूनही, तीन चुकलो. मनातून आनंद. नंबर मोठा निघणार. डॉक्टरांनी काचा बदलून बदलून घातल्या. फरक नाही. ते म्हणाले, इथे सगळेच तिसऱ्या ओळीला अडकतात, अगदी पोलीसभरतीची पोरंसुद्धा. मग विचारलं, अगदी तळाला, मुंगीएवढं काय आहे?
एका दमात वाचलं. मुद्रक वाजिद, रोहा, फोन नंबरसकट. अक्षर 'आमना'.
डॉक्टरांनी काचांची पेटी मिटली. म्हणाले, डोळे उत्तम आहेत, चष्म्याची गरज नाही. मी म्हटलं, थोडासा तरी द्या. नाही म्हणाले.
बाहेर येऊन डोळे चोळले. उपयोग झाला नाही. समोरच्या कोपऱ्यावर वाजिदच्या दारात टेम्पो उभा होता, आणि गुणाजी त्यात इंदुबाईंची 'आमना'त छापलेली खोकी चढवत होता. सगळी सुलटी. स्वच्छ दिसलं.