सभागृह अर्ध्या तासासाठी तहकूब

प्रिय मावशी,

तुझ्या चरणी साष्टांग नमस्कार. खरं तर सप्तांगच म्हण, कारण उजवा गुडघा सोलवटलाय आणि तो टेकवता येत नाही. (जिन्याच्या कठड्यावरून घसरत उतरलो. कठडा मध्येच संपला, त्याला मी काय करू?) तुझी तब्येत कशी आहे? कापूस पिंजताना नाकाला फडकं बांधतेस ना? काकांचा खोकला कसा आहे? आणि माझ्यावरचा राग कसा आहे? उतरला असेल तर पुढे वाच. नसेल उतरला तर आधी चहा टाक, पी, आणि मग वाच. सुट्टीत त्या स्टेशनमास्तरांच्या नव्या गादीत मी गजराचं घड्याळ शिवलं, हे माझं चुकलंच. पण गादी वाजायला लागल्यावर त्यांनी अख्खा पलंग रस्त्यावर आणून ठेवला, ते काही मी सांगितलं नव्हतं. असो. ते घड्याळ तू जप्त करून कपाटात टाकलंस, मला घरी धाडलंस, विषय संपला.

इकडे सगळे ठीक. बाबांची भट्टी जोरात आहे. आईची कंबर मात्र अजून धरलेलीच आहे, त्यामुळे पहाटे पाव कागदात बांधायचं काम माझ्याकडे आणि धाकटीकडे आलंय. काम वाईट नाही. बाहेर अंधार, आत ऊब, आणि पाव इतके मऊ असतात की दर वेळी वाटतं, यातल्याच एकावर डोकं ठेवावं आणि गिऱ्हाइकाला सांगावं, हा जरा दबलाय. पण मग दुपारी शाळेत डोळे मिटायला लागतात. माझं ठीक आहे, मी उघड्या डोळ्यांनी झोपतो, मधूनमधून मानही हलवतो, त्यामुळे मास्तरांना वाटतं पोरगं सुधारतंय. धाकटीला ही विद्या येत नाही. ती झोपली की सरळ झोपते, वहीवर गाल ठेवून, माणसासारखी. वर्गात तिचं नावच 'डुलकी' पडलंय. तिच्या वर्गाच्या बाईंनी तिला निक्षून सांगितलंय, आता एकदा जरी डोळा लागलेला दिसला तर खालच्या वर्गात नेऊन बसवीन. तेव्हापासून ती दुपारभर स्वतःला चिमटे काढत बसते. तिचा डावा हात बघशील तर तुला वाटेल पोरीला गोवर आलाय. घरी सांगायचं नाही म्हणते, सांगितलं तर आई तसल्या कंबरेने पहाटे उठेल. म्हणून तूही सांगू नकोस.

तर अशात आमच्या शाळेत संसद आली. खरी नाही गं, नमुन्याची. मुलांना लोकशाही कळावी म्हणून. मुख्याध्यापकांनी (नागरिकशास्त्रही तेच शिकवतात, दुसरं कुणी तयार होत नाही) जाहीर केलं की संसदेत जो ठराव पास होईल तो शाळेत खरोखर अमलात आणीन. मी लगेच पंतप्रधान व्हायला उभा राहिलो. हेडसरांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि गोड हसून म्हणाले, "तू अध्यक्ष हो." मी खूश! सगळ्यात उंच खुर्ची! तीन दिवस घरात मी कुणाशी खाली बघितल्याशिवाय बोललो नाही. मग चौथ्या दिवशी सरांनी नियम वाचून दाखवले. अध्यक्षाने भाषण करायचं नाही. अध्यक्षाने बाजू घ्यायची नाही. अध्यक्षाने हसायचंसुद्धा नाही. मत फक्त बरोबरी झाली तरच, आणि तेही जे आहे ते तसंच ठेवायच्या बाजूने द्यायचं, अशी म्हणे चांगली पद्धत आहे. मावशी, अख्ख्या शाळेतल्या सगळ्यात वटवट्या पोराचं तोंड बंद करायला या माणसाने एक खुर्ची वापरली! मला राग यायला हवा होता, पण खरं सांगू, आदरच वाटला. हा माणूस लहानपणी माझ्यासारखा असणार.

संसद भरली चित्रकलेच्या हॉलमध्ये, जेवणाच्या सुट्टीनंतर. तिथे पश्चिमेला मोठ्या खिडक्या आहेत आणि दुपारचं ऊन आत येऊन पसरतं, धुतलेली चादर वाळत घालावी तसं. मला हातोडी म्हणून फळा पुसायचं डस्टर दिलं होतं. मी "शांतता!" म्हणून ते आपटलं की खडूचा ढग उठायचा, आणि तो उन्हात इतका सावकाश खाली यायचा की बोलणारा बोलायचं विसरून तिकडेच बघत राहायचा. शांतता आपोआप. पुढे पुढे तर गडबड नसतानाही मी आपटत होतो.

आणि पहिलाच ठराव कुणाचा? धाकटीचा! घरी मला अवाक्षर बोलली नव्हती. उभी राहिली, फ्रॉकच्या खिशात दोन्ही हात घातले आणि म्हणाली, "जेवणानंतर अर्धा तास शाळेने सगळ्यांना झोपू द्यावं. मी आळशी नाही. मला झोप येते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." एवढंच, आणि बसली. भट्टीचं नाव नाही, पहाटेचं नाही, चिमट्यांचंही नाही. माझ्याकडे सांगायला एवढं होतं की संध्याकाळपर्यंत थांबलो नसतो. आणि मी होतो अध्यक्ष. डस्टर आपटलं, दुसरं काय करणार?

मग उठली विरोधी पक्षनेती, वकिलाची पोर. घरात बापाचं ऐकून ऐकून तयार झालेली. झोपणारा देश मागे पडतो, वेळ गेली की परत येत नाही, आज अर्धा तास मागतात, उद्या उशी मागतील. (हे मात्र तिने अचूक ओळखलं. पुढे कळेलच.) ती छान बोलत होती, पण तिचा आवाज असा एकसुरी, पाण्यासारखा वाहणारा, की ठरावाच्या विरोधात बोलता बोलता तिने सभागृहाला अंगाईच म्हटली. आरोग्यमंत्री गेले. शिक्षणमंत्री पेंगायला लागले. आणि मी बघतो तर आमची धाकटी चिमटे काढायचं विसरून बाकावर गाल ठेवून गाढ झोपलेली!

मागे पाहुण्यांच्या खुर्च्यांवर तिच्या बाई बसल्या होत्या. त्या ताडकन उठल्या. "बघा! बघा! काय सांगत होते मी?" आणि निघाल्या तिच्याकडे. मावशी, आता खालचा वर्ग नक्की होता. पण तेवढ्यात आठवलं की मला भाषण करता येत नसलं तरी आदेश देता येतो. आपटलं डस्टर. म्हटलं, "बाई, तुम्ही पाहुण्या आहात. सभागृहात सदस्याला अध्यक्षांच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. हा वर्ग नाही, संसद आहे." बाईंनी हेडसरांकडे बघितलं. हेडसरांनी छताकडे बघितलं. (हा नियम खरंच आहे का, मला माहीत नाही. पण छताकडे बघणारा माणूस नाही म्हणत नसतो.) बाई बसल्या, पण घड्याळाकडे बघत. म्हणजे संसद उठली की धाकटी त्यांच्या तावडीत.

मतदान घेतलं. हात मोजले तर आपण एकाने हरत होतो. पण आरोग्यमंत्री खिडकीचा गज वर धरून त्याच्याच आधाराने झोपले होते. हात वर म्हणजे वर. मी तो धरला. वकिलाची पोर किंचाळली, "अहो, तो झोपलाय!" मी आदेश दिला, "झोपलेल्या सदस्याचं मत झोपेलाच." बरोबरी!

आता मत माझं. हॉलमध्ये एवढी शांतता की खडूची धूळ बसताना ऐकू आली असती. हेडसर माझ्याकडे बघत होते, आणि मला त्यांचं वाक्य आठवत होतं, जे आहे ते तसंच ठेवायचं. नियम मोडला तर ते म्हणतील, खोडकराला खुर्ची दिली ती चूकच झाली, ठराव रद्द. नियम पाळला तर धाकटी खालच्या वर्गात. मी तिच्याकडे बघितलं. झोपेत तिची बोटं हलत होती, पाव बांधत असल्यासारखी. आणि मला जे सुचलं ते मला सुचलं की उन्हाला, देव जाणे. म्हटलं, "मत देण्याआधी सभागृह अर्ध्या तासासाठी तहकूब. सदस्यांनी आणि पाहुण्यांनी जागेवरच शांत बसावं. बोललेलं चालणार नाही."

बस्स. आधी पंतप्रधान आडवे झाले. मग एकेक बाक. वकिलाची पोर बराच वेळ ताठ बसली होती, मग तिचा गाल तिच्याच मुद्द्यांच्या कागदावर टेकला. ऊन विरोधी बाकांवरून उठलं आणि हळूच सत्ताधारी बाकांवर जाऊन बसलं, पक्ष बदलल्यासारखं. कुणीतरी झोपेत हसलं. अख्ख्या हॉलचा श्वास एक झाला होता, वर, खाली, एखादी मोठी दुलई श्वास घेतेय असं वाटत होतं. आणि धाकटीच्या बाई, मावशी, धाकटीच्या बाई पर्स पोटाशी धरून, तोंड थोडं उघडं टाकून, लहान मुलीसारख्या झोपल्या होत्या. हेडसरांची हनुवटीसुद्धा छातीवर आली होती. मी एकटा जागा. एका डस्टरच्या फटक्यात सगळ्यांना उडवता आलं असतं. आयुष्यात अशी संधी परत येणार नाही. पण हात उचलेचना. उलट डस्टरखाली रुमाल घालून ठेवला.

अर्धा तास केव्हाच होऊन गेला. शेवटी शाळा सुटायची घंटा झाली तेव्हा सगळे डोळे चोळत उठले. मी परत मतदान घेतलं. वकिलाच्या पोरीच्या गालावर तिच्याच शाईचे मुद्दे उमटले होते. तिने बाजूने हात वर केला, आणि माझ्या मताची गरजच पडली नाही. बाई धाकटीजवळ गेल्या, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "चल, तुझी वेणी सुटलीय." त्यांच्या स्वतःच्या अंबाड्याचं मी काही बोललो नाही. अध्यक्षाने बाजू घ्यायची नसते.

काकांना नमस्कार. तुझा (आता माननीय) भाचा.

ता.क. हेडसरांनी ठराव मान्य केला, पण एक अट घातलीय. सगळे झोपल्यावर कुणीतरी जागं राहून शांतता राखायची. कुणी? अध्यक्षांनी. म्हणजे अख्ख्या शाळेत झोप मिळणार नाही तो मी एकटा. या माणसापुढे आपण हरलो.

ता.क. २. बाकं फार टोचतात, आणि हॉलची जमीन गार असते. तुझ्याकडे उरलेल्या कापडाच्या पातळ गाद्या पडून असतात ना, कोपऱ्यात, उंदरांसाठी? सोमवारच्या आत धाडशील तर संसद तुझे जाहीर आभार मानेल. धाकटीसाठी एक जाड धाड, पण तिला कळू देऊ नकोस.

ता.क. ३. त्या दिवशी अर्ध्याचा दीड तास झाला, म्हणून हेडसर म्हणतात, अध्यक्षांचा भरवसा नाही, गजराचं घड्याळ आणा. तर ते जप्त केलेलं माझं घड्याळ गाद्यांच्या गठ्ठ्यात घालून धाड. (या वेळी शिवू नकोस.) आणि एक, मावशी, कुणाला दाखवून दुरुस्त वगैरे करू नकोस. ते मागे पडतं, म्हणूनच तेच हवंय.