व्हर्नाच्या खिडकीचा पडदा

प्रिय रॉझलिन,

तू पाठवलेला खोका पोचला. अजून उघडलेला नाही. अक्षर वाकडंतिकडं दिसेल, चालवून घे. फोनवर तू 'कशी आहेस' विचारलंस की माझ्या तोंडून आपोआप 'मजेत' निघून जातं, म्हणून लिहायला बसलेय.

पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटातली आमची गल्ली जूनमध्येच रिकामी झाली. हिवाळ्यापुरते येणारे सगळे गार मुलखात पळाले. बाहेरून बघणाऱ्याला मात्र पत्ता लागायचा नाही. तिन्हीसांजेला रिकाम्या घरांतले दिवे आपोआप लागतात, निवडुंगांमधले फवारे उडतात, कोपऱ्यावरच्या घरात तर रेडिओ बोलायला लागतो, चोरांना माणसं आहेत असं वाटावं म्हणून. पूर्वी मला त्याचं हसू यायचं. आता तो रेडिओ सुरू झाला की अंगावर काटा येतो.

उन्हाळ्यात मागे उरायचो आम्ही दोघीच, मी आणि समोरची व्हर्ना. ऊन कलल्यावर गल्लीच्या पोहण्याच्या तलावात उतरायचो, पाणी कालच्या सुपासारखं कोमट. ती खजुराचं मिल्कशेक करून आणायची आणि पत्त्यांत मी लबाडी करते म्हणून कुरकुरायची. (करायचे मी.) आमचं एक ठरलेलं होतं. उठलं की स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा वर करायचा. समोरचा पडदा वर दिसला की समजायचं, बाई धडधाकट आहे. आपली कॉफी संपेपर्यंत दिसला नाही, तर किल्ली घेऊन जायचं.

वसंतात व्हर्नाचा खांदा दुखायला लागला, तेव्हा तिच्या मुलानं तिला ठरल्या वेळी आपोआप वर-खाली होणारे पडदे बसवून दिले. मी बघायला गेले होते. काय कौतुक केलं आम्ही त्यांचं! मलाही हवेत म्हणून मीच तुझ्यामागे लागले. आपली खूण गेली, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ती तलावावर आली नाही. फोनही उचलेना. आदल्या दिवशी पत्त्यांवरून वाजलं होतं, म्हटलं, रुसली असेल. सकाळी तिचा पडदा वर होता. मी निवांत कॉफी प्यायले. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात दोन वर्तमानपत्रं उन्हानं पिवळी पडलेली दिसली, तेव्हा कुठे किल्ली घेऊन धावले. दाराची कडी फडक्यानं धरायचंही भान राहिलं नाही, हात पोळला. ती न्हाणीघराच्या फरशीवर पडली होती, मांडीचं हाड मोडून. घरातला एसी चालू होता म्हणून जीव वाचला. मला बघून ती रागावली नाही, रॉझलिन. रागावली असती तर बरं झालं असतं. ओठ कोरडे पडले होते, हळूच म्हणाली, "पडदा वर गेलेला ऐकू आला मला. म्हटलं, आता कोरीन बघेल आणि कॉफी प्यायला बसेल."

मुलगा तिला आपल्याकडे घेऊन गेला. ती काही आता परत येत नाही. पण तिचा पडदा रोज सकाळी वर जातो, आणि मी रोज बघते. बघायचं नाही असं ठरवूनही बघते.

आता खरं सांगते. मंगळवारी मी स्वयंपाकघरात पाय घसरून पडले. फार काही नाही, मनगट मुरगळलंय, म्हणून हे अक्षर. पण बराच वेळ उठता येईना. माझा पडदा खालीच होता. खालून मला तो दिसत होता आणि मनात एवढंच येत होतं, की तो खाली आहे हे बघायला समोर कुणीच नाही. मी घाबरले ग. इतकी कधी घाबरले नव्हते. तुझ्या सिएटलच्या पावसात माणसांना बुरशी येते असं मी दहादा म्हटलं असेल. येऊ दे. मला न्यायला ये. पडद्यांचा खोका दुकानात परत करून टाक. आणि तू येईपर्यंत रोज सकाळी फोन कर. मी उचलला नाही, तर आई झोपली असेल असं समजू नकोस.

तुझीच वाट बघणारी,
आई