शाळेच्या रेडिओचे कप

चि. कन्येस,

दूर असलेल्या बाबांचा आशीर्वाद. माझी प्रकृती उत्तम आहे.

तू पाठविलेले पार्सल मी कार्यालयात उघडले, ही माझी चूक. शेजारच्या कारकुनाने कप उचलला आणि त्यावरचे वाचून खिदळत विचारले, "काय साहेब, जेवलात का?" मी तो त्याच्या हातून हिसकावून घेतला.

"जेवलात का? आधी जेवा, मग बोलू." तुझी आई फोनवर रोज मला हेच म्हणत असे. ती जाऊन तीन महिनेही झाले नाहीत. तुम्ही मुले शाळेत चालविता त्या रेडिओला नवा मायक्रोफोन हवा म्हणून तिचे शब्द कपांवर छापून विकण्याची परवानगी तुला कोणी दिली? वर लिहितेस, "बाबा, दोन दिवसांत पन्नास खपले!" जनाची नाही, निदान मनाची तरी बाळगायचीस. उरलेले कप तत्काळ विक्रीतून काढावेत. मायक्रोफोन मी घेऊन देईन.

आत्याचा गुडघा कसा आहे? तुझा खोकला थांबला का?

खोलीवर येताच कप फोडण्यासाठी उचलला होता. ते वाक्य पुन्हा डोळ्यांसमोर आले. चार दिवसांनी आज शेगडी पेटविली, आधी जेवलो आणि मगच हे पत्र लिहावयास बसलो.

रागावलेला, तरी तुझाच,
बाबा