लांजेवारांच्या गाडीतला आवाज

प्रिय वंदाताई,

तू गेल्यापासून मी तुझ्याशी मनातल्या मनातच बोलते. भाजी निवडताना, स्कूटर चालवताना. पण रविवारी जे घडलं ते नुसतं मनात बोलून भागणार नाही, म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. लांजेवारांची गाडी सापडली, ताई! मी शोधली नाही. आपणहून माझ्या अंगणात आली.

तीच पांढरी गाडी. जिच्यापायी तुझं नाव गेलं.

तो दिवस तू विसरली असशील, मी नाही. सीताबर्डीच्या गल्लीत तुझं आणि प्रकाशचं भागीदारीतलं दुकान होतं. तो गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा आणि तू डॅशबोर्डखाली उताणी पडून वायरी ओढायचीस. नागपुरात गाडीत म्युझिक सिस्टिम बसवणारी बाई म्हणून लोक आधी हसले, मग नाव काढत आले. पारशिवनीच्या लांजेवार कंत्राटदारांनी थोरल्या मुलीच्या साखरपुड्यासाठी नव्या गाडीत आवाज वाढवणारा मोठा अॅम्प आणि वूफर बसवून घेतला होता. सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी गाडी सुरू केली आणि गाण्याच्या आधी स्पीकरमधून बारीक आवाज आला. कुईंऽऽ. रेस दिली की तो आणखी चढायचा. व्याही हसले म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी तुझा डबा घेऊन आले, तर लांजेवार गल्लीत उभे राहून ओरडत होते. आणि प्रकाश? दोन्ही हात जोडून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊ, मी तं पहिलेच म्हणलो होतो. बाईच्या हातचं काम हाय. तुमी टेन्शन नका घेऊ. सगळं उखडतो अन् माह्या हातानं नवीन करून देतो."

तू ओढणीला हात पुसलेस आणि आत गेलीस. बस्स! काहून बोलली नाहीस वं? घरी मी खनपटीला बसले तेव्हा म्हणालीस, "मी दरवाज्यातले स्पीकर बसवले. डिक्कीतला अॅम्प अन् अर्थिंग त्यानंच केलं. मी त्या दिवशी भिवापूरले होती, बाबाजवळ. जाऊ दे, सुषमा."

जाऊ दे! हे दोन शब्द तू इतक्या वेळा म्हणालीस की मला त्यांची चीड यायला लागली. प्रकाश त्याच बोलण्यावर वर्धा रोडला काचेचं मोठं दुकान टाकून बसला. तू घराच्या अंगणात ताडपत्रीखाली काम करायला लागलीस. जुनी गिऱ्हाइकं दिसली की रस्ता बदलायचीस. चोर तो, आणि तोंड लपवायचीस तू!

त्या अंगणातच तू मला सगळं शिकवलंस, तेवढं एक बरं झालं. आणि मग तो ताप आला. दवाखान्यात, बोलायलाही त्रास होत असताना, तू माझा हात धरून म्हणालीस, "त्या गाडीची अर्थिंग मी नव्हती मारली वं." शेवटी तुला तेच सांगायचं होतं? आम्हाला सांभाळून राहा म्हणायचं सोडून? तू गेलीस तेव्हा मी रडले कमी आणि दात जास्त खाल्ले.

तर, गेल्या आठवड्यात एक मुलगी आली. पेट्रोलपंपावर कुणीतरी तिला सांगितलं होतं की आपल्या नंदनवन वस्तीत एक बाई गाडीतला आवाज काढून देते. तिनं चावी पुढे केली. "पप्पांनी गाडी मला दिली, पण हा आवाज काही जात नाही. वर्धा रोडच्या दुकानवाल्यानं प्लेयर बदलला, फिल्टर लावले. आता तो म्हणतो, पहिल्या फिटिंगवाल्या बाईनं अॅम्पच बिघडवून ठेवला, थोडा आवाज राहणारच."

मी विचारलं, "पप्पांचं नाव?"

"लांजेवार."

 मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तू शिकवलंस तसं एकेक करत गेले. इंजिन बंद, आवाज नाही. सुरू केलं, कुईं. अॅम्पमधून सिग्नलच्या वायरी काढल्या, आवाज गेला. म्हणजे अॅम्प धडधाकट होता. मग आपली नवी वायर सीटवरून मोकळी टाकून जोडली. आवाज परत आला. म्हणजे तू आतून ओढलेल्या वायरींचाही दोष नव्हता. राहिली अर्थिंग. डिक्कीतली चटई उचलली.

काय दिसलं सांगू? अर्थिंगचा स्क्रू सरळ रंगावर मारलेला! खालचा पत्रा घासायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते. अॅम्पला नीट अर्थिंगच मिळत नव्हती, म्हणून इंजिनचा आवाज सिग्नलच्या वायरीतून गाण्यात शिरत होता. नवं शिकणारा पहिल्या दिवशी करतो ती चूक. आणि इतकी वर्षं ती तुझ्या नावावर खपत होती.

पाच मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही. चटई जशी होती तशी अंथरली आणि मुलीला म्हटलं, "रविवारी पप्पांना घेऊन प्रकाशच्या दुकानात ये. तिथेच काढून देते."

रविवारी त्याच्या दुकानात गाड्यांची रांग असते. मला गर्दीच हवी होती.

प्रकाशनं मला ओळखलं. "अरे सुषमा, बस ना, चहा मागवतो!" मी बसले नाही. लांजेवारांनाच विचारलं, "भाऊ, बाईचं काम उखडून यानं नवीन केलं होतं ना?"

"हो. याच्याच तोंडानं सांगितलं यानं."

"प्रकाश, खरं ना?"

गिऱ्हाइकं ऐकत होती. तो छाती पुढे काढून म्हणाला, "मंग? एक वायर नाही ठेवली तिची."

मी चटई उचलली. "मंग हे कोणाच्या हातचं हाय?"

त्यानं वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हे... हे तिचंच राहिलं असन."

"म्हणजे तू उखडलंच नव्हतं?" लांजेवार म्हणाले. "मले फसवून राहिला होता का गा इतके वर्ष?"

मी म्हटलं, "अन् तिचं कसं असन? अर्थिंग मारली त्या दिवशी ताई भिवापूरले होती." मी स्क्रू काढला, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत घासला, वायर घट्ट कसली आणि मुलीला म्हटलं, "दे रेस." इंजिन गुरगुरलं. स्पीकर गप्प! रांगेतल्या एकानं प्रकाशसमोरच गाडी वळवली आणि निघून गेला. काय गोड वाटलं म्हणून सांगू!

प्रकाश मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "झालं ना आता? वंदा तं गेली. माफ कर अन् विषय संपव." मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "ज्याची माफी मागायची ती जिवंत असताना तुले टाइम नव्हता. माह्याजवळ माफी नाही."

लांजेवारांचे डोळे भरले होते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या पोरीले मी भर गल्लीत बोललो. चूक माही. घरी येऊन तिच्या फोटोले हात जोडतो." मी म्हटलं, फोटोला काय करायचंय? तुमची ओळख आहे, याच्या दुकानासमोरचा तो रिकामा गाळा मला भाड्यानं मिळवून द्या.

काल त्यांचा फोन आला. गाळा मिळाला.

तुला हे आवडणार नाही, माहीत आहे. तू असतीस तर त्या चहाला हो म्हणाली असतीस. पण ताई, तू चांगली होतीस म्हणून मीही चांगलं असलंच पाहिजे, असं कुठे ठरलंय?

तुला एक वचन देते. बोर्डावर तुझं पूर्ण नाव घालीन, आडनावासकट, हातभर उंचीच्या अक्षरांत. खाली दिवेही लावीन. सकाळी शटर वर करताना त्याला ते वाचावं लागेल, रात्री शटर खाली ओढतानाही. आणि त्याच्याकडून बिघडून आलेली प्रत्येक गाडी मी दार सताड उघडं ठेवून, त्याच्या डोळ्यांदेखत दुरुस्त करीन.

तुझीच,
सुषमा