बिसरामचे निदान

४ नोव्हेंबर, मंगळवार
नात रश्मी दिवाळीची सुट्टी संपवून गोंदियाच्या कॉलेजात परतली. मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक मात्र पलंगावर विसरली. ‘मानसिक विकार’ हे प्रकरण एका बैठकीत वाचले. व्याख्या अशी: विचार, भावना किंवा वर्तन यांतील असा लक्षणीय बिघाड, की ज्यामुळे त्रास होतो अथवा दैनंदिन व्यवहार अडतात. वाक्यरचना ढिसाळ. त्रास कोणाला, हे सांगितलेलेच नाही. शिक्षकी पेशातील जुन्या सवयीप्रमाणे समासात तांबड्या शाईने भर घातली: ‘स्वतःस अथवा निकटवर्तीयांस’. व्याख्या आता निर्दोष झाली.

५ नोव्हेंबर, सायं. ७
नैराश्याच्या नऊ लक्षणांपैकी पाच, तीही सलग दोन आठवडे, असा नियम आहे. वाचताक्षणी बिसराम डोळ्यांसमोर उभा राहिला. निवृत्त वनरक्षक, माझा पहिलीपासूनचा सोबती. गेली अकरा वर्षे तो रोज पाच वाजता माझ्या ओसरीवर येतो. मी अग्रलेख मोठ्याने वाचतो, त्यातील चुका दाखवतो, तो ऐकतो. आज मुद्दाम निरीक्षण केले. चेहरा उदास. कशातही रस नाही. दुसऱ्या परिच्छेदाला डुलकी. जाग आल्यावर पायाची अस्वस्थ हालचाल. एकाग्रता शून्य: विषय विचारला, तर ‘धानाचा भाव’ म्हणाला, विषय परराष्ट्र धोरणाचा होता. चिवडाही अर्धा ठेवला. पाच पुरेत, माझ्याकडे सहा आहेत.

पत्नी शामकला हिचे मत: “भाऊजी तुमच्या वाचनानं थकून जातेत. घटकाभर चूप बसून पाहा ना.” हे मत वैद्यकीय नसल्याने विचारात घेतले नाही.

१० नोव्हेंबर
रश्मीला फोन. ती म्हणाली, “आबाजी, चेकलिस्टवर टिक मारून डायग्नोसिस नसतं होत! माणसाशी बोलावं लागतं. तो बाकी ठिकाणी कसा राहतो, दुसरा काही आजार तर नाही ना, सगळं बघतात.” मुलगी हुशार आहे, अनुभव नाही. बिसरामला मी सत्तर वर्षे ओळखतो, ती त्याला दिवाळीत पाहते.

संकल्प: चौदा दिवसांची नोंद पूर्ण केल्याखेरीज निदान उच्चारायचे नाही.

१३ नोव्हेंबर
बिसराम आला नाही. निरोप: धानकापणी.

१४ नोव्हेंबर
आला नाही. निरोप: “कंबर दुखून रायली.”

१६ नोव्हेंबर, रविवार
कालही नाही, आजही नाही. निरोपही नाही. माणसांपासून दूर जाणे, हे पुस्तकात स्पष्ट दिले आहे. सातवे लक्षण धरले.

अग्रलेख एकट्यानेच मोठ्याने वाचला. अकरा चुका निघाल्या. कोणाला दाखवणार? शामकलेला हाक मारली. तिने भात लागेल म्हणून सांगितले. त्रास अतोनात होत आहे. (मला. व्याख्येत बसते.)

१८ नोव्हेंबर
चौदा दिवस पूर्ण. रोगी आपण होऊन डॉक्टरकडे जात नसतो. म्हणून युक्ती योजली. बिसरामला निरोप धाडला की, मलाच गोंदियाला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचे आहे, सोबतीला चल. दहा मिनिटांत हजर. घाईत एका पायात मुलाची चप्पल. म्हणाला, “घाबरू नको उदाराम, मी आहो ना.” कंबर उत्तम दिसली.

१९ नोव्हेंबर, दुपारी १, दवाखान्याच्या बाकावरून
कोहमाऱ्याहून बस पकडली. बिसराम अचानक अत्यंत आनंदी. कंडक्टरशी थट्टा. शेजारच्या अनोळखी बाईंना अस्वलाची गोष्ट सांगितली. गोरेगाव येईपर्यंत त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. गोंदियात उतरताच तीन समोसे. हा आनंद नैसर्गिक नव्हे. पिशवीतून पुस्तक काढले, पान शोधले, निदान बदलले: द्विध्रुवी विकार. चौदा दिवस कोणालाही न दिसलेली गोष्ट मला दीड तासात दिसली.

सायं. ८, घरी
डॉक्टरबाईंनी विचारले, “पेशंट कोण?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले. बिसरामने केसपेपर परस्पर माझ्या नावाने काढला होता.

बाईंनी माझी नोंदवही आदराने वाचली. हे सर्व कुठे पाहिले, असे विचारले. ओसरीवर. किती वाजता? पाच ते साडेसहा. आणि इतर वेळी? इतर वेळी पाहण्याची आवश्यकता भासली नाही.

मग त्यांनी बिसरामला झोप, भूक, जुने आजार, शेतातले काम, घरातली माणसे, सगळे निवांतपणे विचारले. तो म्हणाला, “बाई, मले काईच नाई. याच्या ओसरीवर बसलो का तसं होते. पायरी उतरलो का बरा.”

बाई म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही पाहिलेलं खरं आहे. पण हा विकार नाही. हा कंटाळा आहे.”

मग मला विचारले, “तुम्हाला काही त्रास?” मी म्हणालो, काही नाही, हा येत नाही, एवढेच. त्या म्हणाल्या, “मग कधी यांनाही बोलू द्या.” औषध लिहिले नाही.

परतताना बिसराम पुढच्या बाकावर जाऊन बसला. वाऱ्यासाठी असावे.

२० नोव्हेंबर, सायं. ७.३०
तज्ज्ञही घाईत चुकतात. तथापि प्रयोग म्हणून मौन धरले आणि पाच वाजता आपण होऊन बिसरामच्या अंगणात गेलो. चार माणसे बसली होती. त्यांतल्या ओमेशने विचारले, “गुरुजी, आज इकडं कसे?” मी केवळ मान हलवली. बिसराम नीलगाईची गोष्ट सांगत होता. तीन वाक्ये माझ्या देखत मोडून पडली. मी ओठ घट्ट मिटून बसलो.

तासाभराने सर्वांचे हसणे थांबले. बिसराम खाटेवरून उठला, माझ्या कपाळाला हात लावला. “काऊन गा, बोलत काऊन नाई? बरा आहेस ना?” मौन असल्याने उत्तर देता आले नाही. त्याचा चेहरा उतरला. दंड धरून त्याने मला घरापर्यंत आणले आणि शामकलेला बजावले, “वहिनी, याले एकटा सोडू नोका. मी उद्या पाचले येतो पाहाले. दोन हप्ते त रोज यावंच लागन.”

रोज येणार आहे.

प्रकृती इतक्यात सुधारू देणार नाही.