नळ्यांचा खडक

ताई,

चिमणी मजेत आहे, असं मी तुला दवाखान्यात फोनवर सांगितलं. ती मजेतच आहे. माझंच काही खरं नाही.

काल ओहोटीला तिला किनाऱ्यावर नेलं. समुद्रातल्या किड्यांनी वाळूचा कण न् कण चिकटवून बांधलेल्या नळ्यांचा तो खडक आठवतो ना, मधाच्या पोळ्यासारखा? चिमणी त्यावर उकिडवी बसली ती हलेचना. मी चपला धुऊन वळते तर काय, भरतीचं पाणी मागून फिरून आमच्या दोघींच्या मध्ये आलेलं.

"चिमणे, हलू नकोस!" मी ओरडले. तिने मान वरही केली नाही. मी पाण्यात शिरले. पाणी कमरेला लागलं, पायाखालची वाळू सरकत होती आणि डोळ्यांसमोर फक्त तुझा चेहरा होता. तिला कडेवर घेतलं तेव्हा माझे दात वाजत होते.

"मावशी, बघ ना! पाणी आलं की ते बाहेर येतात!" ती म्हणाली. खरंच, नळ्यांच्या तोंडाशी पिसांसारखं काही हलत होतं. आपल्याला ते कधीच दिसलं नाही. आई भरतीआधीच हाक मारायची.

आज ती विचारते, "पुन्हा कधी जायचं?"

"तुझी आई बरी होऊन आली की."

"म्हणजे लवकरच ना?"

मी तिची वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली, गं. हे पत्र मी पाठवणार नाही. तू घरी ये, मग तुझ्या हातात देईन आणि पोटभर बोलणी खाईन.

तुझी भित्री धाकटी