बाळीवेशीतली खोली

९ एप्रिल, बुधवार

नाही म्हणाले! आणखी एक खोली गेली.

भवानी पेठेतल्या त्या बाईनं आधी चहा दिला. आरोहीच्या गालाला हात लावला, "किती गोड हो," वगैरे. मग विचारलं, "मिस्टर कुठं असतात?" म्हटलं, बरोबर नसतात. "सध्या कुठं राहता?" म्हटलं, मठाच्या आश्रयगृहात. झालं! चहाचा कपच उचलून नेला, माझा अर्धा प्यायचा राहिला होता. "ह्यांना विचारून सांगते," म्हणे. ते 'हे' समोरच पेपर वाचत बसलेले!

बाहेर आल्यावर मला हसू फुटलं. गेल्या वर्षी असतं तर रस्त्यात रडत बसले असते. म्हणजे सुधारले की मी!

१० एप्रिल

जून लागला की इथलं आमचं वर्ष भरतं. शरणम्मा अक्का कधीच जा म्हणणार नाहीत. अख्खं आश्रयगृह त्या चालवतात, पण कुणाला जा म्हणायची वेळ आली की त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. पण मला कळतं ना. मी मोडनिंबहून पोरीला घेऊन पळून आले, एस्टी स्टँडवर झोपले, तेव्हा माझ्यासाठी कुणीतरी इथली खाट सोडलीच होती. आता माझी पाळी. खोली मिळाली पाहिजे. आरोहीची शाळा इथलीच आहे, सोलापूर सोडायचं नाही.

मठात भाजी आणणारा चनबसप्पा आज म्हणाला, "बाळीवेशीत एक खोली हाय बघ ताई. मालकीण सुंदरम्मा. एकटीच असती. लई कडक बाई! पन मी सांगितलंय तुझं. म्हनाली, बघून सांगते. स्वता येणार हाय म्हनं आश्रयगृहात."

येऊ दे की. मी अंगणच काय, भिंतीसुद्धा धुऊन ठेवीन.

१५ एप्रिल, मंगळवार

रोज वाट बघते. रोज आरोहीच्या दोन घट्ट वेण्या घालते, न जाणो आजच आली तर. आरोही म्हणते, "आई, डोकं दुखतंय, तिला लवकर बोलव."

सुंदरम्माचा पत्ता नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

काय ऊन! डांबर चपलेला चिकटतंय.

भर दुपारी दारात एक म्हातारी आली. घामानं निथळलेली, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल. एक पाय वर धरून उभी, करकोचा उभा असतो ना, तशी! अक्का धावल्या. "शरणु शरणार्थी, या या, आत या." ती सांगायला लागली, "अवो, मी—" अक्कांनी तिचा हातच धरला. "काही सांगू नका. आधी जेवा."

हा इथला नेमच आहे. दारात आलेल्या बाईला आधी ताट, मग अंघोळ, मग झोप. नाव, गाव, जात, तीन दिवस काही विचारायचं नाही. तिनं आपणहून सांगायला घेतलं तरी अक्का थांबवतात. एकदा मी विचारलं, असं का? तर म्हणाल्या, "घाबरलेलं माणूस घाईघाईत सगळं सांगून टाकतं. मग त्याचीच त्याला लाज वाटते. पोट भरू दे, झोप होऊ दे. मग हवं तेवढंच सांगेल."

मी आले तेव्हा मला हा नेम कळला नव्हता. एवढं वाढतायत म्हणजे नक्की काहीतरी काम करून घेणार, असंच वाटलं होतं!

म्हातारीनं तीनदा तोंड उघडलं, तीनदा अक्कांनी आमटीचा वाडगा पुढे केला. मग मात्र ती मुकाट्यानं जेवली. अंघोळ करून आली तर अक्कांनी धुतलेलं लुगडं पुढे ठेवलेलं. नेसली. आणि जी झोपली, ती दिवे लागल्यावर उठली. आरोहीनं तिचं नाव ठेवून टाकलं — अज्जी. अक्कांच्या कानडीमुळे आमच्याकडं सगळ्या म्हाताऱ्या अज्जीच.

१८ एप्रिल

अज्जी सकाळी सकाळी भाकरीखान्यात! आमची कडक भाकरी दुकानांत जाते, मीच थापते ती, आणि चांगली थापते. अज्जीनं माझी भाकरी उचलली, उजेडात धरली. "ही भाकरी हाय का जोत्याची फरशी?"

सगळ्या बाया खो खो! मला असा राग आला! म्हटलं, "मग दाखवा की थापून." पदर खोचला आणि बसली की खाली. हात असे फिरत होते... भाकरी कागदासारखी. पापुद्रा धरला तर पलीकडचा दिवा दिसावा. मी म्हटलं, "बरी आहे." तर म्हणे, "बरी? अगं बया, जीभ जड झाली काय तुझी?"

मग मीच हसले. दुपारपर्यंत तिनं मला थापायचं सगळं नव्यानं शिकवलं, दर भाकरीला एक टोमणा.

संध्याकाळी तिच्या डोक्याला तेल लावून दिलं. केस पांढरे, मऊ, म्हातारीच्या कापसासारखे. चांगलं चोळत होते, गप्पा मारत होते, तर हिचे खांदे हलायला लागले. रडत होती. म्हणाली, "पोरगा हाय मला. गुणाचा हाय. रोज फोन करतो बेंगळूरवरनं. पन फोनला हात नसत्यात की गं."

मी काही विचारलं नाही. नेम आहे. पण मनात त्या पोराला चार शिव्या घातल्या. आईला असं उन्हात वाऱ्यावर सोडलंय मेल्यानं!

१९ एप्रिल, शनिवार

आज माझी जीभ सुटली. निवडलेली ज्वारी समोर, अज्जी शेजारी, आणि मी सुंदरम्माच्या नावानं सुरू! म्हटलं, "कसली बघून सांगते? ती म्हातारी खोली कुलूप लावून वर घेऊन जाणार आहे! एकटा जीव, पाहिजे कशाला तिला एवढी जागा? उंदीर नाचवायला?"

अज्जीला ताक पिता पिता ठसका लागला. पाठ चोळली तिची. मग म्हणाली, "असंल की तिला कायतरी भीती. आश्रमातली बाई म्हंजे मागनं नवरा येतो, दारू, भांडणं... लोक घालत्यात तसलं डोक्यात."

"असेल. पण आधी येऊन बघ ना बाई! माणूस बघ, पोर बघ. बघून मग नाही म्हण. मी काही म्हणणार नाही."

अज्जी बराच वेळ ज्वारीतला खडा बोटात फिरवत बसली.

मग आरोही आली. ती आणि अज्जी मिळून आमची खोली लावायला लागल्या — जी मिळालेलीच नाही, ती! शेगडी हितं, हंडा तितं. आरोही म्हणाली, "खिडकी पाहिजे. माझ्या डोक्याजवळ." अज्जी म्हणाली, "पूर्वेला असली तर चालंल का? सकाळचं ऊन येतंय मग तोंडावर." "चालेल! मग आई ओरडायच्या आधी मीच उठेन." आणि मग आमची बाई विचारते, "अज्जी, तू कुठं झोपणार?"

अज्जी माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हटलं, "कुठं म्हणजे? भिंतीकडेला, जागा उबदार असते तिथं. अज्जी, खरंच सांगते. मला खोली मिळाली की तुला घेऊन जाईन. तुला काय लागतं गं, दोन घास आणि टोमणे मारायला मी. ते दोन्ही आहे माझ्याकडं."

बोलून गेले खरं. पण मनापासून बोलले. माझी आई गेल्यापासून माझ्या भाकरीला नावं ठेवणारं कुणी नव्हतं.

उद्या तीन दिवस होतील. उद्या अक्का नाव विचारतील.

२० एप्रिल, रविवार

अज्जी गेली.

सकाळी खाटेवर लुगडं घडी करून ठेवलेलं. पिशवी नाही, चप्पल नाही — ती चप्पल मीच तर शिवून आणली होती! अक्का म्हणाल्या, "येणारीला विचारायचं नाही, जाणारीला अडवायचं नाही." मी चिडले. म्हटलं, "तुमचे नेम ठेवा तुमच्यापाशी! एवढ्या उन्हात कुठं गेली असेल? नावसुद्धा माहीत नाही, शोधायचं कुणाच्या नावानं?" अक्कांवर पहिल्यांदाच ओरडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

आरोही आणि मी स्टँडपर्यंत जाऊन आलो. बाकड्याबाकड्यावर बघितलं. नाही.

२२ एप्रिल

भाकरी कागदासारखी जमली. दाखवायला कुणी नाही.

२८ एप्रिल, सोमवार

चनबसप्पा कोथिंबिरीच्या जुड्या फेकतच आत आला! "ताई, सुंदरम्मा बोलावतीया! बसवजयंतीला या म्हनली, पोरीला घेऊन. खोली बघा म्हनली."

मी विचारलं, "बघायला का आली नाही मग?" म्हणाला, "काय की बया. म्हनती, मी बघितलंय सगळं." कुठून बघितलं? रस्त्यात? बाजारात? माझं तोंड तेव्हा चालू नव्हतं म्हणजे मिळवली!

अक्कांना नमस्कार केला, त्या दिवशीचं माफ करा म्हटलं. म्हणाल्या, "कसलं?" खरंच विसरल्या होत्या. अंगणात मी आरोहीला उचलून गरागरा फिरवलं. दोघी पडलो. सगळ्या हसतायत! आनंद आहे, लई आनंद आहे. फक्त भिंतीकडेची जागा रिकामी राहणार.

३० एप्रिल, बसवजयंती

बाळीवेस. निळं दार. कडी वाजवली.

अज्जीनं उघडलं.

कुलूप, उंदीर, सगळं सगळं आठवलं! ती म्हणाली, "त्या दिवशी न्हाय म्हनायलाच आले होते गं. तुमी बोलूच दिलं न्हाय." मग डोळे पुसले. "खोली मिळाली की मला घेऊन जानार होतीस न्हवं? मग चल की, घेऊन जा आत."

आरोही केव्हाच आत पळाली होती. तिथूनच ओरडली, "आई! खिडकीतनं ऊन आलंय!"

मी कसंबसं म्हटलं, "म्हणजे तुम्ही... सुंदरम्मा?"

"नाव नंतर," म्हणाली. "आधी जेवा."